मुलाकडचे अठ्ठेचाळीस

विश्वास ठेवायचा तरी कोणावर, सांगा बघू? डॉक्टरवर? ज्योतिषावर? हवामान खात्यावर? तुमचं उत्तर काहीही असो, माझं ठरलेलं आहे. कोणावरही ठेवा, पण जो माणूस ‘कळलं, कळलं, पुढचं सांगू नका’ असं म्हणतो ना, त्याच्यावर ठेवू नका. आणि रत्नागिरीत असा माणूस शोधायला लांब जायला नको. मारुती मंदिराकडून खाली उतरलात की इलेक्ट्रिकचं दुकान लागतं, तिथे काउंटरमागे बसलेला असतो. मीच तो.

हसताय काय? चहा घ्या आधी. अशी फजिती झाली माझी, की ऐकल्यावर तुम्ही माझ्याकडून साधा बल्बचा होल्डर घ्यायलाही दोनदा विचार कराल. तरी सांगतो. दुसऱ्या कोणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं.

माझं शिक्षण म्हणाल तर शाळेनं मला दहावीपर्यंत सांभाळलं, पुढे आम्हा दोघांनाही झेपेना. बाकी सगळं उघडून-जोडून शिकलो. विहिरीवरचे पंप, स्टार्टर, इन्व्हर्टर, मग कॅमेरे आले, मग इंटरनेट आलं. काचेची तार म्हणजे फायबर, तीही शिकलो. सांगायचा मुद्दा, अक्कल होती. जास्तच होती, तेच नडलं.

आता आमच्या धंद्यात दोन शब्द असे आहेत की त्यांच्यावाचून पान हलत नाही. मेल आणि फिमेल. ज्याला पिना बाहेर तो मेल, ज्याला भोकं ती फिमेल. जगभर असंच म्हणतात, मी काही शोध लावलेला नाही. पण झालं काय, एकदा एक शिक्षिका बाई इस्त्रीची वायर घेऊन आल्या. टोक ढिलं झालेलं. मी माळ्यावर चढलेल्या आमच्या गणपतला खालून ओरडून सांगितलं, “अरे, बाईंचा मेल हलतोय! चांगला दणकट बघून दे!”

दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं. बाई वायर तिथेच टाकून गेल्या. परत आल्या नाहीत.

आमची सुनंदा काउंटरवरच होती. म्हणाली, “अहो, दुकान आहे का तमाशा? आजपासून हे शब्द बंद!”

“मग काय म्हणू? पिनवाला नि भोकवाला?”

“अजिबात नाही! तोंड धुवा आधी.”

मग तिनंच तोडगा काढला. मेल म्हणजे मुलाकडचा. फिमेल म्हणजे मुलीकडचा. कसं सोज्वळ! त्या दिवसापासून आमच्या दुकानात तीच भाषा. “गणपत, एक मुलाकडचा काढ, पंधरा अँपिअरचा.” “मुलीकडचे संपले, उद्या या.” गिऱ्हाइकांनाही सवय झाली. आणि बघा, अर्थानंही किती चपखल! भिंतीतला सॉकेट कायम मुलीकडचा, आपल्या घरी बसलेला. बाहेरून चालत येतो तो मुलाकडचा. इतकी वर्षं दुकान चालवलं, ह्या नियमाला अपवाद म्हणून बघितला नव्हता.

आता दुसरी गोष्ट. आमच्या दुकानात नुसत्या वायरी जुळत नाहीत, लग्नंही जुळतात. माणूस मुलीच्या आंदणाचा मिक्सर घ्यायला येतो, बोलता बोलता धाकटीचं वय सांगतो. दुसरा नव्या घराची वायरिंग सांगायला येतो, घर कोणासाठी विचारलं की मुलगा निघतो. आपण फक्त दोघांना एकाच वेळी चहा सांगायचा. तीन-चार लग्नं अशी झाली आणि माझं उगाच नाव झालं. देवरूखहून केतकीची आई येऊन सुनंदाकडे पत्रिकासुद्धा ठेवून गेली होती, “बापूशेठांच्या नजरेत असू द्या.” सुनंदानं मला सांगितलं, मी ‘बरं’ म्हटलं आणि विसरलो. नवऱ्यांचं ‘बरं’ म्हणजे तेवढंच असतं.

ही केतकी कोण, ते सांगतो. देवरूखची मुलगी, इंजिनीयर. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीनं डेटा सेंटर काढलं, तिथल्या केबलिंगची सगळी जबाबदारी हिच्यावर. वयानं माझ्या पुतणीएवढी, पण हुद्दा आहे म्हणून मी मॅडम म्हणतो. ती मला काका म्हणते.

डेटा सेंटर म्हणजे काय, माहीत आहे ना? माणसाला बसायला खुर्ची नाही आणि यंत्रांना मात्र चोवीस तास एसी, अशी जागा. कपाटांच्या रांगा, कपाटात यंत्रं, यंत्रांना केबली. तिथल्या मुख्य यंत्राला स्विच म्हणतात. स्विच म्हणजे बटण नव्हे हो! मीही पहिल्यांदा बटणंच दाखवली होती, ते जाऊ दे.

तर अडचण अशी, की जागा थोडी आणि तारा फार. साध्या टोकाला एक किंवा दोन काचतारा. तशी टोकं लावत बसलं तर कपाटाला वायरींचं जावळ येईल. म्हणून एमपीओ नावाचं टोक असतं. नखाएवढं तोंड, आणि त्यात केसासारख्या बारा काचतारा पंगतीला बसल्यासारख्या एका ओळीत. समोरच्या टोकातल्या बारांशी ह्या बारा डोळ्याला डोळा भिडवून बसायला हव्यात. केसाच्या पावपट सरकल्या तरी उजेड सांडला! त्या नेमक्या बसाव्यात म्हणून एका टोकाला दोन बारीक सुया असतात आणि समोरच्याला दोन भोकं.

म्हणजे काय? बरोब्बर. मुलाकडचा आणि मुलीकडचा.

केतकीचे साहेब पुण्याचे. त्यांचं म्हणणं, केबल पुण्याच्या बड्या पार्टीकडूनच घ्यायची. ही पोरगी त्यांना म्हणाली, “सर, इथे बापूशेठ आहेत. काही कमी-जास्त झालं तर माणूस लगेच दारात उभा राहतो. माझी खात्री आहे.”

साहेब म्हणाले, “खात्री तुझी, तर जबाबदारीही तुझी. गुरुवारी माल, शुक्रवारी मी येतो. सगळे दिवे हिरवे दिसले तर पुढचं मोठं काम तुझ्या हाताखाली. नाही दिसले, तर ते दुसऱ्याला देतो.”

हे तिनं मला सांगितलं तेव्हा मला भरून आलं. एका पोरीनं आपलं नाव माझ्या नावाला बांधलं होतं! म्हटलं, मॅडम, तुम्ही निश्चिंत असा. आणि पुण्याच्याच घाऊक व्यापाऱ्याला फोन लावला. मी तरी दुसरीकडून कुठून आणणार? हे आपलं तुमच्याआमच्यात.

व्यापारी एकेक विचारत गेला, मी धडाधड सांगत गेलो. तारा किती? बारा. लांबी? सांगितली. तारेची जात, मल्टीमोड का सिंगलमोड? मल्टीमोड. पोलॅरिटी? टाइप बी! म्हणजे इकडची पहिली तार तिकडे बारावी होऊन निघते. केतकीनं हे मला कागदावर काढून समजावलं होतं, मी त्याला मनातल्या मनात फुगडी म्हणत होतो. नग चोवीस. म्हणजे टोकं अठ्ठेचाळीस.

“आणि शेठ, मेल का फिमेल?”

हे विचारायचंच राहिलं होतं. खरं म्हणजे विचारायची गरजही वाटली नाही. भोकं यंत्रात, बाहेरून येणार तो मुलाकडचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण माणसानं खात्री करून घ्यावी. केतकीला फोन लावला. आता मुलीला मेल-फिमेल कसं विचारणार? आमची भाषा होतीच की.

“मॅडम, एकच राहिलं. तुमच्याकडे मुलाकडचे पाठवू का मुलीकडचे?”

पलीकडे आवाज एकदम बारीक झाला.

“काका... मुलाकडचेच येतात ना? पद्धत तशीच आहे ना?”

पद्धत! ऐकलंत? म्हणजे ह्या लायनीतली पद्धत. माझी छाती फुगली.

“तेच म्हणतो मी. आणि मुलीकडचे?”

“मुलीकडचे कुठे जाणार, ते इथेच आहेत की.”

“बरोबर! मग गुरुवारी मुलाकडचे येऊ देत ना सगळे?”

“येऊ देत. आईला सांगते मी. पण काका, आत्ता ऑफिसात कोणाला कळू देऊ नका, प्लीज. उगाच चर्चा होते.”

हुशार पोरगी, म्हटलं. साहेबांना आयत्या वेळी चकित करणार. आईला सांगते म्हणाली, ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. कोकणातली मुलगी आईला काय सांगत नाही? मी व्यापाऱ्याला कळवून टाकलं, “सगळे मेल. दोन्ही टोकं.” तो म्हणाला, “शेठ, नक्की? स्विचला लावायचेत ना?” मी म्हटलं, “कळलं हो, कळलं. पुढचं सांगू नका.”

मंगळवारी दुपारी दुकानात फोन. शेजारी कोणी तरी भिंतीत ड्रिल मारत होता, अर्धं ऐकू येईना.

“बापूशेठ का? मी केतकीची आई, देवरूखहून.”

“बोला वहिनी!”

“केतकीनं सांगितलं, मुलाकडचे येतायत म्हणून. जीव भांड्यात पडला हो माझा.”

मी चाट! लेकीच्या कामाची आईला केवढी काळजी! आणि दुकानातली भाषासुद्धा ठाऊक! म्हटलं, सुनंदाच बोलली असणार.

“चांगले आहेत ना पण? हल्ली वरून झकपक, आत काय नाय.”

“वहिनी, नावाजलेलं घराणं आहे. एकेक तपासून, सर्टिफिकेट लावून पाठवतात.”

“अगो बाय! सर्टिफिकेटपण? बरं झालं. हल्ली ते बघून घेतलेलं बरं. आणि कुठचे?”

“पुण्याहून येतायत.”

पलीकडे उसासा. “पुण्याचे... असू दे. सगळंच कुठे मनासारखं मिळतं? मग मी गुरुवारी तुमच्या घरीच येते, केतकीचा मामा पण आहे. पोहे घेऊन येते देवरूखहून. किती जणांचे आणू?”

लेकीच्या कामावरच्या माणसांना पोहे! काय माऊली आहे, मी म्हटलं. “कशाला त्रास वहिनी?”

“रीत नको? किती आहेत सांगा ना.”

रीत कसली ते कळलं नाही. मध्येच ड्रिल सुरू झालं. मला वाटलं, टोकं किती ते विचारतेय.

“अठ्ठेचाळीस!”

“काय?”

“अठ्ठेचाळीस! चोवीस जोड्या धरा!”

“नुसते बघायला?”

“बघायला कसले वहिनी, एकदा आत बसले की पंधरा वर्षं हलायचे नाहीत!”

ड्रिल थांबलं. मग म्हणाली, “बापूशेठ, तुमची तब्येत बरी आहे ना?”

“ठणठणीत!”

तिनं फोन ठेवला. नंतर कळलं, त्या बाईनं दोन दिवस डोकं लावून त्याचा अर्थ काढला होता. मोठं एकत्र कुटुंब असणार.

गुरुवारी सकाळी टेम्पो आला. मी गणपतला मागे बसवलं, नारळ घेतला आणि मिरजोळ्याला पोहोचलो. गेटवर केतकी उभी. चक्क साडीत! मी म्हटलं, वा, कामाचा मुहूर्त करावा तर असा. मी नारळ आणला, हिनं साडी नेसली.

ती माझ्या मागेपुढे बघायला लागली.

“काका, तुम्ही एकटेच?”

“एकटा कसा? सगळे आणलेत. टेम्पोत आहेत.”

“टेम्पोत?”

“उतरवून घेऊ?”

पोरीचा चेहरा पांढराफटक. पदर सारखा करत दबक्या आवाजात म्हणाली, “काका, ऑफिसात आणलंत त्यांना? आईनं सांगितलं होतं ना, संध्याकाळी तुमच्या घरी...”

“घरी नेऊन काय करू, पूजा? इथे लावायचे तर इथेच आणणार ना! गणपत, सोड रे दोऱ्या.”

“दोऱ्या?!”

गणपतनं खोका उतरवला, मी वरची पट्टी फाडली. तिनं आत डोकावलं आणि एवढा मोठा श्वास सोडला, की मला वाटलं मालाची प्रत आवडली.

“अय्या, केबल होय!”

“मग तुम्हाला काय वाटलं?”

“काही नाही, काही नाही. चला आत.”

नारळ फोडला. पहिली केबल मीच हातात घेतली. टोकाची टोपी काढली, दोन सुया चमकल्या. काय सुंदर काम हो! स्विचच्या तोंडाला टोक लावलं. सरळ गेलं, पण टिकचा आवाज येईना. थोडं मागे घेतलं, परत लावलं. अडतंय. आता आमच्या धंद्यात अडलं की काय करतात? अंगठ्याचा जोर. मी ओठ दाबून जोर लावणार...

“काका! हात काढा! हात काढा आधी!”

एवढी बारीक आवाजाची पोरगी, पण तिच्या ओरडण्यानं एसीसुद्धा थांबला असेल. तिनं माझ्या हातातलं टोक घेतलं, टॉर्च मारला, माझ्याकडे बघितलं, परत टोकाकडे बघितलं.

“काका, ही मेल आहे.”

“मग? मेलच पाहिजे ना.”

“स्विचच्या आत सुया असतात काका! स्विच मेल असतो. केबल फिमेल लागते. नशीब, जोर लावला नाहीत. आतल्या सुया वाकल्या असत्या तर पूर्ण पोर्ट गेला असता.”

मी टॉर्च घेतला, त्या तोंडात बघितलं. आत, खोलवर, दोन सुया माझ्याकडे बघत होत्या. घरी बसलेला मुलाकडचा! साऱ्या जन्माचा माझा नियम त्या एका भोकात बुडाला.

“दुसरा खोका बघू,” ती म्हणाली. मेल. तिसरा. मेल. दोन्ही टोकं मेल. चोवीसच्या चोवीस.

“उद्या साहेब येतायत,” ती एवढंच म्हणाली. मला त्यापेक्षा शिव्या चालल्या असत्या.

पण माणूस बुडताना हात मारतोच. मी म्हटलं, “मॅडम, पण तुम्हीच सांगितलंत, मुलाकडचे येऊ देत!”

“मी? मी कधी?”

“फोनवर! मी विचारलं, मुलाकडचे का मुलीकडचे...”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे. मग तिचे कान लाल झाले. मग गाल. मग ती खोक्यावर बसली आणि तोंडावर पदर धरला. रडतेय म्हणून मी घाबरलो, तर हसत होती.

“काका, मला वाटलं... मला वाटलं, तुम्ही स्थळ आणताय! आईनं सांगून ठेवलं होतं ना तुम्हाला...”

बरोबर त्याच क्षणी माझा फोन वाजला. सुनंदा.

“अहो, काय चाललंय काय तुमचं? केतकीची आई आल्येय, मामा आलेत. घमेलंभर पोहे भिजवलेत. शेजारच्यांच्या खुर्च्या मागवल्यात. विचारतायत, अठ्ठेचाळीस माणसं दोन खोल्यांत बसणार कशी? तुम्ही कोणाची वरात आणताय घरी?”

मी म्हटलं, “वाईच थांब.” आणि फोन बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा.

मग पुण्याला फोन. मी ठरवलं होतं, भांडायचं. माझ्याकडे भांडायला हत्यारही होतं. कारण माल घेताना तो म्हणाला होता, “शेठ, बदलता येणारे देऊ का? थोडे महाग पडतील.” मी लगेच हो म्हटलं होतं. साडीच्या दुकानात असतं ना, पसंत नाही पडली तर बदलून! माझा समज, मी सौदा किती हुशारीनं केला!

“तुम्ही बदलता येणारे दिलेत ना? मग सगळे बदलून द्या. आज!”

तो म्हणाला, “शेठ, बदलून मी कशाला द्यायचे? ते टोकच बदलतं. सुया काढल्या की मेलचा फिमेल होतो. म्हणून तर त्याला बदलता येणारा म्हणतात.”

मी भिंतीला टेकलो. “मग काढू का पकडीनं?”

“अजिबात नाही! त्याचं वेगळं हत्यार मिळतं. मी विचारलं होतं, सोबत देऊ का. तुम्ही म्हणालात, आम्हाला हत्यारं शिकवू नका.”

म्हणालो असेन. माझी भाषा वाटते खरी.

हत्यार कोल्हापुरात एकाकडे होतं. सकाळच्या एसटीनं, कंडक्टरच्या हाती निघेल, असं ठरलं. आणि साहेबही वाटेत कोल्हापुरात मुक्काम करून त्याच सकाळी तिथूनच निघणार होते. आंबा घाटातून आधी कोण उतरतं, त्यावर एका पोरीचं पुढचं काम!

संध्याकाळी घरी गेलो. जावं तर लागतंच ना कुठेतरी. ओटीवर खुर्च्यांची रांग, मामांच्या डोक्यावर टोपी, केतकीची आई पाटाजवळ. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ती माऊली शांतपणे ऐकत होती.

“म्हणजे वायरी?”

“हो.”

“अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस?”

“टोकं. हो.”

“त्यात मुलगा एकपण नाय?”

“नाही वहिनी.”

तिनं मामांकडे बघितलं. “तरीच! मी तुला म्हटलं ना रे, पुण्याचे असून एवढे एकत्र राहतात कसे!”

पोहे अख्ख्या आळीनं खाल्ले. प्रत्येक ताटलीबरोबर सुनंदानं कारणही वाढलं, म्हणून मला दुसऱ्या दिवशी कोणाला काही वेगळं सांगावं लागलं नाही.

शुक्रवारी स्टँडवर मी एसटीची वाट बघत उभा होतो तसा माझ्या लग्नातही उभा नव्हतो. गाडी आली. कंडक्टरनं पेनएवढी डबी माझ्या हातात ठेवली. मी मिरजोळ्याला धावलो. साहेबांची गाडी आली नव्हती. आंब्याला गरम भजी खायला थांबले होते, देव त्या भजीवाल्याचं भलं करो.

केतकी एकेक टोक घेई, सुया अलगद ओढी, तोंड पुसून भिंगाखाली बघी, मग स्विचला लावी. टिक! दिवा हिरवा. मला जवळ येऊ देईना. माझ्याकडे फक्त काढलेल्या सुया झेलायचं काम, ओंजळीत कागद धरून. मोठा व्यापारी मी! पण प्रत्येक टिकला माझा एकेक श्वास परत येत होता.

शेवटची चार-पाच टोकं राहिली आणि साहेब दारात.

“हे काय चाललंय? कालच लागणार होतं ना?”

केतकी उभी राहिली. “सर, चूक माझी आहे. मी ऑर्डरमध्ये स्पष्ट...”

मला राहवलं नाही. ओंजळ तशीच धरून पुढे झालो. “साहेब, पोरीची काही चूक नाही. मी ह्यांना विचारलं, मुलाकडचे का मुलीकडचे...”

सांगायला गेलो आणि कळलं, हे सांगता येत नाही. पण सुरू केलं होतं. शिक्षिका बाई, इस्त्री, सुनंदा, पत्रिका, पोहे, सगळं सांगितलं. साहेब पुण्याचे, चेहऱ्यावरची रेष हलली नाही. शेवटी माझ्या ओंजळीतल्या सुयांकडे बघत म्हणाले, “म्हणजे मुलाकडचे म्हणून आले आणि मुलीकडचे होऊन राहिले. आमच्या सोसायटीत असे पुष्कळ आहेत.”

मग कपाटाकडे बघितलं. शेवटचं टोक लागलं, टिक झालं, सगळी रांग हिरवीगार.

“केतकी, पुढचं काम तुझ्याकडे. मात्र ऑर्डर देताना मराठीत देऊ नकोस.”

झालं. आता तुम्ही म्हणाल, गोड झालं की सगळं, मग आमच्याकडे हे गाऱ्हाणं कशाला? त्याला कारण आहे. परवा मी मांडवीला भेळ खायला गेलो, तर शेजारच्या बाकावर हाच किस्सा चाललेला. टोकं साठ झाली होती, साहेब मुंबईचे झाले होते, भजीचे वडे झाले होते. तिथपर्यंत माझी हरकत नाही, किस्सा आहे, वाढणारच. पण चूक कोणाची, तर म्हणे त्या इंजिनीयर पोरीची! लग्नाच्या नादात तिनं चुकीची ऑर्डर दिली! आणि मी? मी बिचारा सज्जन व्यापारी, मधल्या मधे भरडलेला!

मंडळी, आयतं श्रेय मिळालं तर व्यापारी सोडत नाही. पण हे नको. हा किस्सा तुम्ही सांगणार, मला माहीत आहे, चहाचा कप खाली ठेवायच्या आत सांगणार. खुशाल सांगा. नग वाढवा, पोहे वाढवा, माझं पोट वाढवा. फक्त हिशेब प्रामाणिक ठेवा. ह्या सगळ्या व्यवहारात गाढव एकच होतं, ते पूर्ण माझ्या नावावर मांडा, आणि त्या पोरीला त्यात अर्धा आण्याचीही भागीदारी दाखवू नका.